टिटवाळा, पालघर, मेंढा : समूहाच्या विचारशक्तीला हात घालणाऱ्या संवादांचा इतिहास (१९४५ ते २०१३)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात सभा, व्याख्यान व परिषद यांना मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. अशा संस्थांनी या परिसरात वाचक घडविला, श्रोता घडविला आणि व्याख्यानमालांच्या द्वारे नव्या विचारांचा प्रसार केला, हे सर्वमान्य आहे. मात्र या संस्कृतीत विचाराची वाट बहुतांशी एकाच दिशेची राहिली. वक्ता बोलत असे व श्रोते ऐकत असत. शंका विचारण्यास वेळ मिळालाच तर तो आभारप्रदर्शनापूर्वीचा. आजही बहुसंख्य संस्थांच्या बैठकींत ठराव आधी टंकलिखित होतो आणि चर्चा नंतर होते, हे या परंपरेचेच दूरचे फळ मानावे लागेल.

या परंपरेच्या शेजारी, आणि बऱ्याच अंशी तिच्या नकळत, एक दुसरी परंपरा वाढली. जमलेल्या समूहाकडे स्वतःचा विचार आहे असे गृहीत धरावयाचे, तो विचार काय आहे याविषयी खरे कुतूहल बाळगावयाचे, प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर समूहाच्या तोंडून येईपर्यंत थांबावयाचे, अशी ही रीत आहे. मराठी भाषेत ‘विचारणे’ आणि ‘विचार करणे’ या दोन्ही क्रियांच्या मुळाशी एकच शब्द आहे. प्रश्न करणे व चिंतन करणे यांत ही भाषा फारसे अंतर मानीत नाही. परंतु मराठीने प्रश्नांच्या जाती मात्र वेगळ्या ओळखल्या आहेत. ‘चौकशी’ सरकार करते, ‘विचारपूस’ आप्त करतात आणि ‘झडती’ पोलीस घेतात. प्रश्न तोच असला तरी तो कोणत्या नात्याने विचारला गेला, यावर उत्तराचे स्वरूप अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ज्या तीन घटनाक्रमांचा विचार केला आहे, त्यांत हा भेद वारंवार प्रत्ययास येतो.

जगाच्या इतिहासात या पद्धतीचा आद्य पुरुष म्हणून सॉक्रेटिसचे नाव घेतले जाते. प्लेटोच्या ‘थिइटिटस’ या संवादात सॉक्रेटिस आपल्या आईच्या, म्हणजे सुइणीच्या, व्यवसायाशी स्वतःच्या कामाची तुलना करतो. आपण विचार प्रसवत नाही, इतरांच्या विचारांचा जन्म सुकर करतो, असा त्याचा दावा आहे. हा दावा नामांकित असला तरी प्लेटोचे संवाद वाचताना तो नेहमीच पटतो असे नाही, कारण अनेक ठिकाणी समोरच्या माणसाच्या वाट्याला ‘होय’ आणि ‘निःसंशय’ एवढेच शब्द येतात. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ संवादरूपाने लिहिला. त्यात प्रश्न विचारण्याचे काम धोंडीबाकडे आहे व उत्तरे जोतीराव देतात. म्हणजे जिज्ञासा शिष्याची आहे, ज्ञान गुरूचे. ही रचना प्रबोधनास उपयुक्त होती यात शंका नाही. परंतु जो प्रश्न विचारतो त्याला उत्तर आधीपासून ठाऊक नाही, अशा संवादाचा इतिहास शोधावयाचा झाल्यास ग्रंथांपेक्षा पाड्यांकडे व शिबिरांकडे वळावे लागते. ठाणे जिल्हा या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो.

चौकशी व विचारपूस

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील उंबरगाव व डहाणू या तालुक्यांत वारली समाजाची दाट वस्ती होती. जमिनी सावकार व जमीनदार यांच्या हाती गेल्या होत्या. जमीनदाराच्या शेतावर मोबदल्याविना राबावे लागे, तिला ‘वेठ’ म्हणत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी बांधले जात, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ही स्थिती अज्ञात होती असे मात्र नाही. मुंबई प्रांताच्या सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी व डोंगरी जमातींच्या परिस्थितीची चौकशी सोपविली होती आणि त्याचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथांचे त्यात स्पष्ट वर्णन आहे. अधिकारी प्रामाणिक होता व अहवाल परखड होता. तरीही १९४५ पर्यंत वेठ सुरूच राहिली.

या विसंगतीचे कारण केवळ सरकारी दिरंगाईत शोधणे पुरेसे नाही. चौकशीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याकडून निघून मुंबईस जाते. ज्याने उत्तर दिले त्याच्या शेजाऱ्याला ते ऐकू येत नाही, त्याच्या पाड्यावर त्याची चर्चा होत नाही, आणि आपल्यासारखेच उत्तर पलीकडच्या पाड्यावरील माणसानेही दिले आहे, हे त्याला कधी कळत नाही. माहिती एकत्र झाली ती अहवालाच्या पानांवर. माणसे विखुरलेलीच राहिली.

महाराष्ट्र राज्य किसान सभेची स्थापना-परिषद जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे भरली. संघटनेच्या लेखी नोंदींत या परिषदेस सुमारे सात हजार शेतकरी उपस्थित असल्याचा उल्लेख आढळतो. उंबरगाव तालुक्यातील थोडे वारलीही तेथे आले होते व त्यांत माह्या धांगडा यांचे नाव आवर्जून घेतले जाते. उंबरगाव पश्चिम किनाऱ्याच्या रेल्वेमार्गावर, तर टिटवाळा कल्याण-कसारा मार्गावर, आणि या दोन मार्गांना जिल्ह्याच्या आतून जोडणारा लोहमार्ग त्या काळी नव्हता. अशा स्थितीत वेठीस बांधलेल्या माणसांनी परिषदेपर्यंत पोहोचणे, ही गोष्ट संख्येच्या हिशेबात लहान असली तरी इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही. टिटवाळ्याला त्यांनी प्रथमच पाहिले की इतर तालुक्यांतील कुळे आपल्या गाऱ्हाण्यांविषयी उघडपणे, हजारोंच्या देखत बोलतात.

यानंतर शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर वारल्यांच्या मुलखात गेले. दोघेही भारत सेवक समाजात काम केलेले. गोदावरीबाई या कायद्याच्या पदवीधर व त्या समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य होत्या. मुंबईत प्रौढ साक्षरतेचे व घरकामगारांच्या संघटनेचे काम त्यांनी केले होते. त्यांचे पूर्वीचे सर्व शिक्षण व्याख्यानसंस्कृतीत झालेले होते, आणि ती संस्कृती पाड्यावर निरुपयोगी ठरली, हे त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथातून स्पष्ट होते. वारली त्यांच्याशी बोलत नसत. शहरातून आलेली माणसे म्हणजे जमीनदाराचे पाहुणे अथवा सरकारचे माणूस, असाच त्यांचा अनुभव होता. रात्री झोपडीत मुक्काम, त्यांच्याबरोबर जेवण, त्यांच्या बोलीचा सराव आणि पायी भटकंती, एवढे झाल्यावर मग कुठे संवादाला आरंभ झाला. पुढे वारल्यांनी त्यांना ‘गोदाराणी’ म्हटले. या नावात भक्तिभाव आहे व अभ्यासकाने त्याकडे सावधपणे पाहावे लागते, कारण ज्याला राणी म्हटले जाते त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे सोपे नसते.

झरी

दि. २३ मे १९४५ रोजी झरी येथे (आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुका) वारल्यांची परिषद झाली. सुमारे पाच हजार वारली जमले होते. वेठ द्यावयाची नाही आणि लग्नगडी राहावयाचे नाही, असा निर्धार तेथे झाला. किसान सभेने त्या वेळी समोर ठेवलेली सूत्रे मोजकी होती : बारा आणे रोख रोजाखेरीज जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करू नये, फुकट सेवा करू नये, मारहाण झाल्यास प्रतिकार करावा व सर्वांनी एकी राखावी.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. हे विचार वारल्यांचे होते की किसान सभेचे? रोजाचा दर व त्याची मांडणी कार्यकर्त्यांची आहे, हे उघड आहे. किसान सभेला स्वतःचा कार्यक्रम होता आणि त्यामागे एका पक्षाची विचारप्रणाली होती. ही मंडळी कोरी पाटी घेऊन गेली नव्हती. तथापि परिषदेनंतरच्या आठवड्यांत जे घडले, त्याची आखणी कोणत्याही पत्रकात नव्हती. वारल्यांचे जमाव एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे गेले आणि लग्नगड्यांना त्यांनी स्वतः सोडवून आणले. कोणाच्या घरी कोण बांधलेला आहे, कोणते कर्ज कोणत्या पिढीचे आहे आणि कोणत्या वाटेने कोठे जावे, हे ज्ञान त्यांचेच होते. कार्यकर्त्यांनी ‘वेठ अन्यायाची आहे’ असे सांगितले असते तर त्यात नवे काही नव्हते, कारण ते प्रत्येक वारल्याला ठाऊक होते. नवे होते ते हे की, दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे ही गोष्ट आता सर्वांना कळली. सिमिंग्टनच्या अहवालात व झरीच्या परिषदेत फरक आहे तो नेमका एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

त्याच वर्षी गवतकापणीच्या दराचा लढा उभा राहिला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी होती. या लढ्यात तोंडी निरोपांच्या जाळ्याचा शत्रूनेही उपयोग करून घेतला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी खबर पाड्यापाड्यांवर पोहोचविण्यात आली व तलवाडा येथे हजारो वारली गोळा झाले, असे किसान सभेच्या नेत्यांनी नोंदविले आहे. दि. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. संवादावर उभी राहिलेली एकी एका व्यक्तीवरील श्रद्धेत गोठली की ती किती धोक्याची ठरते, याचे हे दुःखद उदाहरण होय.

याच वर्षी, याच किनाऱ्यावर, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ही गोष्ट सहसा वारली लढ्याच्या संदर्भात सांगितली जात नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना जन्मली. राजकीय दृष्ट्या ताराबाई व गोदावरीबाई यांच्यात साम्य नाही. परंतु ‘हे लोक का येत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या अज्ञानात न शोधता त्यांच्या दिनक्रमात शोधावे, ही वृत्ती दोन्हीकडे समान आहे.

पालघरची भूमिसेना

पुढील पंचवीस वर्षांत कूळकायदे झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, उंबरगाव गुजरातेत गेले. पालघर तालुक्यातील आदिवासींच्या जमिनी मात्र अनेक ठिकाणी कागदावरच परत आल्या. १९७० साली डाव्या व समाजवादी पक्षांनी देशभर जमीन बळकाव सत्याग्रह केला. त्यात समाजवादी पक्षाचे तरुण आदिवासी कार्यकर्ते काळूराम धोदडे सहभागी झाले व तुरुंगात गेले. सत्याग्रह झाला, अटका झाल्या, सुटका झाली, नेते परत गेले. जमीन जेथे होती तेथेच राहिली. धोदडे व त्यांचे मोजके सहकारी यांनी त्यानंतर जे संघटन उभे केले, ते ‘भूमिसेना’ या नावाने ओळखले जाते. बेकायदा बळकावलेल्या जमिनीवरील उभे पीक मूळ मालकाने कापून न्यावयाचे, ही त्यांची सुरुवातीची कृती होती.

भूमिसेनेचा पुढचा टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. चळवळीला यश येऊ लागताच मुंबईहून सुशिक्षित हितचिंतक मदतीस आले. मिळालेल्या जमिनीवर शास्त्रशुद्ध शेती व्हावी, बँकेचे कर्ज मिळावे, बियाणे व खते वेळेवर यावीत, यासाठी त्यांनी योजना आखल्या व व्यवस्थापनाची उतरंड उभी केली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, काल ज्यांनी स्वतःच्या बुद्धीने पीक कापून आणले होते, ते आज पेरणीसाठीही वरच्या आदेशाची वाट पाहू लागले. योजना फसत गेल्या, कर्जे अंगावर आली. १९७५ च्या सुमारास भूमिसेनेने या व्यवस्थेशी संबंध तोडला.

या अनुभवातून शिबिराची पद्धत आकारास आली. निरनिराळ्या गावांतील तरुण दोन-तीन दिवस एकत्र बसत. आपल्या गावी काय घडले, आपण काय केले, त्याचा परिणाम काय झाला, असे प्रत्येक जण सांगे व इतर त्याला प्रश्न विचारीत. बाहेरचा कोणी उपस्थित असल्यास त्यानेही प्रश्नच विचारावेत, अशी अपेक्षा असे. निर्णय शिबिरात होत नसे. तो गावी परतल्यावर त्या त्या गावाच्या तरुण मंडळात होई. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली संमत झाला, त्या सुमारास अनेक गावांनी वेठबिगारांची मुक्ती व किमान वेतन हे प्रश्न हाती घेतले. त्यांपैकी पुष्कळ कृतींची वार्ता भूमिसेनेच्या प्रमुख कार्यकर्त्यांपर्यंत घटना घडून गेल्यानंतर पोहोचत असे. शिस्तप्रिय संघटकाला ही गोष्ट खटकेल, पण भूमिसेनेच्या दृष्टीने ती यशाची खूण होती.

या चळवळीचा अभ्यास जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान व पोन्ना विघ्नराजा यांनी केला व तो १९७९ साली स्वीडनमधील डाग हॅमरशोल्ड प्रतिष्ठानच्या ‘डेव्हलपमेंट डायलॉग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्रीलंका, भारत व बांगलादेश येथील या अभ्यासकांनी आदिवासींचे सर्वेक्षण करण्याऐवजी त्यांच्या शिबिरांत बसून त्यांच्याच विश्लेषणाची नोंद केली. बाहेरच्यांची मदत आम्हांला आमची परिस्थिती समजून घेण्यासाठी हवी, आम्ही काय करावे हे सांगण्यासाठी नको, अशा आशयाची धोदडे यांची भूमिका या अभ्यासामुळे दूरवर पोहोचली. कोलंबियातील कार्ताहेना येथे १९७७ साली ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने कृतिसंशोधनावर परिषद भरली होती. पुढे ‘सहभागी कृतिसंशोधन’ या नावाने जी ज्ञानशाखा विद्यापीठांत रुजली, तिच्या आरंभीच्या उदाहरणांत पालघर तालुक्याचा समावेश होतो. ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयांत समाजकार्य व समाजशास्त्र शिकविताना ही पद्धत लॅटिन अमेरिकेतून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. ब्राझीलचे पावलो फ्रेरी यांचा प्रभाव १९७८ साली डहाणूत सुरू झालेल्या कष्टकरी संघटनेच्या कामात स्पष्ट दिसतो. भूमिसेनेचे शिबीर मात्र कोणा ग्रंथाच्या वाचनातून जन्मलेले नसून फसलेल्या शेतीयोजनेतून जन्मलेले आहे.

शिबिराच्या मर्यादाही होत्या. जे बोलके ते पुढे येत, आणि तरुण मंडळ हे नावच सांगते की वृद्ध व स्त्रिया तेथे प्रारंभी कडेला होत्या. शिवाय अनुभवाचे विश्लेषण कितीही सखोल झाले तरी तहसील कचेरीतील फेरफार नोंद त्याने बदलत नाही. त्यासाठी वकील लागतो, पक्ष लागतो, कधी मोर्चा लागतो. किसान सभेच्या अनुयायांनी अशा गटांवर केलेली टीका या मुद्द्यावर निराधार म्हणता येणार नाही.

मेंढा (लेखा) : अभ्यासगट व ग्रामसभा

ठाणे जिल्ह्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात, मेंढा हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड आदिवासी गाव आहे. लेखा या गावाच्या सान्निध्यामुळे ते ‘मेंढा (लेखा)’ म्हणून ओळखले जाते. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून गावातील देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा परिचय झाला. हिरालाल यांची जडणघडण जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत व सर्वोदय विचारात झालेली होती. ते गावात योजना घेऊन आले नाहीत, तर सर्वसहमतीने निर्णय घेणारे गाव शोधत आले, कारण त्यांना तसे गाव कसे चालते याचा अभ्यास करावयाचा होता. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक नव्हते, हे येथे अगदी शब्दशः खरे आहे.

मेंढ्यात दोन व्यासपीठे विकसित झाली. ग्रामसभा निर्णय घेते व तो सर्वसहमतीनेच घेते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलला जातो. अभ्यासगट मात्र निर्णयच घेत नाही. ज्याला विषयात रस असेल त्याने यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, प्रश्न विचारावेत, माहिती तपासावी आणि उठून जावे. ही विभागणी वरवर किरकोळ वाटते, परंतु झरी व पालघर येथील अनुभवांच्या पार्श्वभूमीवर तिचे मोल ध्यानात येते. ज्या बैठकीच्या शेवटी हात वर करावयाचे असतात, त्या बैठकीत माणूस आरंभापासूनच बाजू घेऊन बसतो. त्याचे प्रश्न हे प्रश्न राहत नाहीत, ते युक्तिवाद होतात. निर्णयाचे ओझे काढून घेतल्यावर अज्ञान कबूल करण्यास कोणाला संकोच वाटत नाही. कायदा म्हणजे काय, वनविभागाला हा अधिकार कोणी दिला, गावाची हद्द कोणती, असे प्रश्न या गटांत निघाले आणि त्यांपैकी काहींची उत्तरे सरकारी कर्मचाऱ्यांनाही देता आली नाहीत.

मधाचे उदाहरण या दृष्टीने उल्लेखनीय आहे. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याची रीत सर्वत्र होती. तीत माशा मरत व पोळे नष्ट होई. अभ्यासगटात मधमाश्यांविषयी चर्चा सुरू झाली तेव्हा पोळ्याच्या कोणत्या भागात मध असतो व कोणत्या भागात पिल्ले, हे झाडावर चढणाऱ्यांना उत्तम ठाऊक असल्याचे दिसले. माशा मरू न देता काम कसे करावे, हे जाणकाराने दाखविले. दोन्हींच्या मेळातून केवळ मधाचा भाग कापून पोळे शाबूत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. येथे कोणी कोणाचे प्रबोधन केले, हे सांगणे अवघड आहे.

जंगलाचा प्रश्न याहून कठीण होता. गावाच्या परिसरातील बांबू कागद कारखान्यास भाडेपट्ट्याने दिला जात असे. गावाने त्याला हरकत घेतली, जंगलाची राखण स्वतः सुरू केली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा अभ्यास करून सामूहिक दावा दाखल केला. २००९ साली शेजारच्या मर्दा या गावाबरोबर मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू तोडून विकावयाचा तर वाहतूक परवाना वनविभागाच्याच हाती होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

सर्वसहमतीवर घेतला जाणारा आक्षेप असा की, लहान गावात एकट्याने विरोध करणे ही मोठी जोखीम आहे, म्हणून दिसणारी सहमती ही पुष्कळदा मौनाची असते. हा आक्षेप गंभीर आहे. मेंढ्याच्या रचनेत त्याला पूर्ण उत्तर मिळते असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र विलंबाला तेथे दोष मानले जात नाही, आणि अभ्यासगटात मत बदलण्याला कमीपणा समजला जात नाही. त्यामुळे विरोधकाला गप्प बसविण्यापेक्षा पुढच्या बैठकीपर्यंत थांबणे गावाला अधिक सोयीचे पडते. व्यवहारात याचा अर्थ असा की, काही विषय वर्षानुवर्षे पडून राहतात.

साधनांविषयी

या तिन्ही घटनाक्रमांची साधने पाहिली असता एक अडचण जाणवते. झरीचे वर्णन प्रामुख्याने परुळेकर दांपत्याच्या लेखनातून मिळते, आणि गोदावरीबाईंचा ग्रंथ घटनेनंतर पंचवीस वर्षांनी आला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला व तो मराठीतील महत्त्वाचा दस्तऐवज आहे. परंतु त्यात वारली बोलतात ते लेखिकेच्या स्मरणातून. भूमिसेनेची शिबिरे अर्थशास्त्रज्ञांच्या इंग्रजीतून समजतात. मेंढ्याची कथा मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. म्हणजे समूहाचा विचार समूहाच्या तोंडून यावा असा आग्रह धरणाऱ्या या परंपरेचा इतिहास मात्र प्रश्न विचारणाऱ्यांनीच लिहिला आहे. प्रश्न नोंदले गेले, उत्तरांचा सारांश नोंदला गेला, पण मधला अडखळता भाग, गैरसमज, हशा व दीर्घ शांतता यांना कागदावर जागा मिळाली नाही. संवादातून विचार जन्मतो तो नेमका याच भागात.

या दृष्टीने मेंढ्याचे साधन थोडे वेगळे आहे, कारण ग्रामसभेचे कामकाज गाव स्वतः लिहिते. १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमिनीची मालकी गावाकडे सोपविण्याचा विषय तेथे अनेक वर्षे चर्चेत होता. ज्यांच्याकडे जमीन अधिक त्यांचे काय, मुलीच्या वाट्याचे काय, बाहेरगावी गेलेल्याचे काय, कर्ज काढावयाचे झाल्यास बँक कोणाच्या नावावर देईल, असे प्रश्न अशा निर्णयात अटळ असतात आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर घाईने देता येत नाही. २०१३ साली मेंढा ग्रामदानी गाव म्हणून घोषित झाले.